जहाजावरची सेकंड शिफ्ट

शिरूरला कॉलेजसाठी मी ज्या घरात खोली घेतली, त्या घराच्या फरशीवर पिवळे पट्टे मारलेले होते. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर डाव्या पट्ट्यातून, परत यायचं तर उजव्या. जिन्याखाली पाटी होती, ‘कठडा धरून चालावे’. मोरीच्या दाराशी दुसरी, ‘ओली जागा. सावध.’ मी केंदूरची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळं शहरातली घरं आतून कशी असतात हे मला कोण सांगणार. मला वाटलं, शिकलेल्या लोकांची घरं अशीच असतील. पहिले काही महिने मी इमानेइतबारे डावीकडून जात होते आणि उजवीकडून येत होते.

मग लक्षात आलं की घरात पट्टे पाळणारी मी एकटीच आहे. बाकीचे वाटेल तिथून चालायचे. पट्टे मारणारे आप्पासुद्धा.

आप्पा म्हणजे आमचे घरमालक. त्यांनी रांजणगावच्या एका कंपनीत सेफ्टी खात्यात नोकरी केली होती. रिटायर झाले तेव्हा कंपनीनं त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि सेफ्टी खातं ते स्वतःहून घरी घेऊन आले. घरात कामगार नव्हते, पण दोन नातवंडं होती. ओवी चार वर्षांची, शिवू दीड वर्षाचा. आप्पांनी त्यांच्यावर भागवलं.

रोज सकाळी दूध पिण्याआधी दोघांना घरापुढच्या ओट्यावर उभं करून आप्पा बोलायचे. कंपनीत काम सुरू होण्याआधी असंच बोलतात म्हणे.

“आज आपल्याला कशापासून लांब ऱ्हायचंय?”

“गॅस,” ओवी सांगायची. “प्लग. आन् शेजारच्यांची म्हैस.”

“व्हेरी गुड. आन् तू रं?”

शिवू तोवर आप्पांची चप्पल चघळत असायचा. चप्पल चघळण्याच्या धोक्यावर आप्पांनी भाषण तयार केलेलं नव्हतं, त्यामुळं ते पुढं जायचे.

आप्पांचा सगळ्यात आवडता कार्यक्रम म्हणजे ड्रिल. दुपारी, संध्याकाळी, मनात येईल तेव्हा ते शिट्टी फुंकायचे. शिट्टी किंवा भोंगा ऐकला की हातातलं टाकायचं, लहानग्याचा हात धरायचा, कुणाला उठवत बसायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, सरळ हिरव्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं आणि हजेरी होईपर्यंत बोलायचं नाही. हिरवी पाटी अंगणात शेवग्याला ठोकलेली होती. पोरांना एकट्यानं बाहेर पडता यावं म्हणून मागच्या दाराची कडी आप्पांनी ओवीच्या हाताच्या उंचीवर बसवून घेतली होती. घरात शिरायचं असलेल्या चोरालाही ती सोयीची पडली असती, पण चोरी हा सेफ्टीचा विषय नाही, सिक्युरिटीचा आहे, असं आप्पा म्हणायचे.

ओवीला हे सगळं फार आवडायचं. चार वर्षांच्या पोरीला खेळ कुठला आणि काम कुठलं हे कळत नाही. आप्पांनाही कळत नव्हतं. त्यामुळं दोघांचं छान जमायचं.

पोर पडलं, खरचटलं, की चौकशी बसायची. चौकशीचा निष्कर्ष ठरलेला असे, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. कंपनीतही आपल्या प्रत्येक चौकशीत हाच निष्कर्ष निघाला, हे आप्पा अभिमानानं सांगायचे. “कवाच बदल न्हाई. म्हंजी काम किती पक्कं आसंल बघ.” मी मान डोलवायची. एकदा आप्पा पेपर वाचत असताना शिवू त्यांच्याच मांडीवरून घसरून पडला. चौकशी बसली. शिवूचा निष्काळजीपणा निघाला.

मुलं सांभाळायच्याही शिफ्ट लावलेल्या होत्या. फर्स्ट शिफ्ट काकूंची, म्हणजे आप्पांच्या बायकोची. उठवणं, आंघोळी, खाणं, शी-शू सगळं त्यात. सेकंड शिफ्ट आप्पांची. तिच्यात दोन्ही मुलं झोपलेली असत. नाइट परत काकूंची. आणि वहिनी, म्हणजे मुलांची आई, जनरल शिफ्टला. तिची वेळ ठरलेली नव्हती.

वहिनींचं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते. त्यांनी पोरीला डिप्लोमा करायला लावला होता. ओवी व्हायच्या आधी वहिनी रांजणगावलाच एका कंपनीत क्वालिटीला होत्या. तिथल्या साहेबांनी त्यांना परत बोलावलं. महिनाअखेरच्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, असा निरोप आला. मला आठवतं, तो फोन ठेवल्यावर वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी परत धूत होत्या.

दादांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले, “आप्पा म्हणतील तसं.” काकू म्हणाल्या, “जा की. मी हाय पोरांना.” आप्पा म्हणाले, “दोन-दोन बारकी पोरं, आन् आई कंपनीत लाइनवर. रिस्क हाय. ट्रायल घ्यावी लागंल.”

नवीन मशीन आलं की आधी ट्रायल घेतात, तशी. काही दिवस पोरं पूर्णपणे आप्पांच्या देखरेखीखाली राहणार, वहिनींनी त्यांना हातसुद्धा लावायचा नाही. लावला तर ट्रायल फेल, नोकरी नाही. काही झालं तरी ट्रायल फेल. ही ट्रायल घरी घेता येणार नाही, असंही आप्पांनी ठरवलं, कारण घरी शेजारीपाजारी मदतीला येतात आणि निकाल बिघडतो. तेव्हा त्यांना जहाज आठवलं. दादांच्या ऑफिसला माल देणाऱ्या कोणीतरी दिवाळीत क्रूझचं कूपन दिलं होतं. समोरासमोरच्या दोन खोल्या, मुंबईहून निघायचं, समुद्रात राहायचं, मुंबईलाच परत.

“जहाजावर भाईरचं कोण येत न्हाई,” आप्पा म्हणाले. “पोरं पळून पळून जात्यात कुठं.”

पोहता न येणाऱ्या दोन मुलांना सुरक्षित ठेवण्यासाठी चारी बाजूंनी समुद्र असलेली जागा निवडणारा सेफ्टीचा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.

तयारी जोरात झाली. शिरूरच्या टेलरकडून आप्पांनी दोन चकाकत्या पट्ट्यांची जाकिटं शिवून घेतली, रस्त्यावर काम करणाऱ्यांची असतात तशी, फक्त वीतभर. लाटांची सवय व्हावी म्हणून एका पाहुण्याचा ट्रॅक्टर मागवला, ट्रॉलीत गादी टाकली आणि पोरांना घेऊन घोड नदीच्या काठच्या रस्त्यानं फेऱ्या मारल्या. शिवू गाढ झोपला. ओवी गाणी म्हणत होती. आप्पांना उलट्या झाल्या. ट्रायल यशस्वी झाली असं त्यांनी जाहीर केलं, कारण ट्रायल मुलांची होती.

माझा यात काही संबंध नव्हता. पण ऐन वेळी दादांची रजा ऑडिटमुळं रद्द झाली आणि एक जागा मोकळी राहिली. वहिनींच्या खोलीत सोबतही हवी होती. “जागा रिकामी जाणं म्हंजी वेस्टेज,” आप्पा म्हणाले आणि दादांच्या जागी माझं नाव घालून घेतलं. मी वडिलांना फोन केला.

“बोट जाणार कुठं?” त्यांनी विचारलं.

“कुठं नाही. समुद्रात जाऊन परत यायचं.”

“मग जायाचं कशाला?”

मागून आईचा आवाज आला, “जाऊ द्या की. शेवंतीचा तोडा आपण करू.” मग आप्पांनी फोन घेतला. “पाव्हणं, काळजी करू नगा. पोरगी माझ्या सेफ्टीत हाय.” वडिलांनी फोन परत माझ्याकडं द्यायला सांगितलं. ते आप्पांना भेटलेले होते.

गाडी करून आम्ही दौंडला गेलो, तिथून रेल्वेनं मुंबई. मधे वहिनींच्या माहेरी चहाला थांबलो. नातवंडांची जाकिटं बघून वहिनींच्या आई हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, “पोरीला नोकरीला पाठवायचं का न्हाई, ते सरळ सांगा की. त्यासाठी बोट कशाला फिरवताय?”

“तसं न्हाई इहीणबाई, सिस्टीम आसती.”

“आसंल. आमच्यात न्हवती. चार पोरं मोठी झाली.”

आप्पांनी चहा बशीत ओतला आणि ट्रेनची चौकशी केली.

जहाज मी मान वर करून बघितलं. आमच्या गावाएवढं तरी होतं, आणि गावापेक्षा स्वच्छ. आत काचेची लिफ्ट, गालिचे, कुठंही जाऊन कितीही खा. आमच्या खोल्या मात्र आतल्या अंगाला होत्या. त्यांना खिडक्याच नव्हत्या. आप्पांनी मुद्दाम मागून घेतल्या होत्या. खिडकी नसली की पोर खिडकीतून वाकत नाही. समुद्र बघायला येऊन समुद्र दिसणार नाही अशी खोली मिळाल्याबद्दल काउंटरवरच्या पोरीचे त्यांनी दोनदा आभार मानले.

निघण्याआधी जहाजावर सगळ्या प्रवाशांचं ड्रिल होतं. ते आप्पांना माहीत नव्हतं. भोंगा वाजला आणि घोषणा झाली, तसे त्यांचे डोळे भरून आले असावेत. दोन्ही पोरांना जाकिटं घालून ते सगळ्यांत आधी खालच्या डेकवर पोचले. तिथं लाइफबोटी टांगलेल्या होत्या आणि भिंतीवर हिरवी पाटी होती. शिरूरच्या शेवग्यावर असते तशीच, फक्त मोठी. ओवी न सांगता तिच्याखाली जाऊन उभी राहिली. लोक फोटो काढत, गप्पा मारत आले. जहाजाचा माणूस प्रत्येकाचं कार्ड मशीनला लावत होता.

“भाईसाब, आपने हाजरी नहीं लिया,” आप्पा त्याला म्हणाले.

“सर, कार्ड स्कॅन हो गया.”

“कार्ड का हाजरी मेरे को मत बताओ. आदमी का हाजरी लो.”

तो हसला आणि पुढं गेला. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत फारसे.

पोहण्याच्या तळ्यात डायपरवाल्या मुलांना सोडत नाहीत, हेही तिथं गेल्यावर कळलं. मुलांच्या खेळायच्या खोलीतही तीन वर्षांच्या खालचं पोर घेत नव्हते. शिवूनं तळ्याच्या काठावर आडवं पडून आकांत केला. वहिनी दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. त्यांचे हात मांडीखाली दाबलेले मला दिसत होते. शेवटी आप्पांनी शिरूरहून आणलेलं प्लॅस्टिकचं घमेलं काढलं आणि खोलीतल्या बाथरूममध्ये पाणी भरून शिवूला त्यात बसवलं. जहाज हललं की पाणी सांडायचं, की आप्पा परत भरायचे. अशा रीतीनं शिवू अरबी समुद्रात घमेल्यात पोहला. तो खूष होता. बाहेर काय आहे हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांची सेकंड शिफ्ट सुरू झाली. काकूंनी दोघांना खाऊ घालून झोपवलं, चार्ज आप्पांकडं दिला आणि वर हाउजी खेळायला गेल्या. त्या दोन दिवसांत काकूंनी जहाजावरचं सगळं शांतपणे उपभोगलं. मी आणि वहिनी खालच्या डेकवर, लाइफबोटींपाशी सावलीला बसलो होतो. वहिनी सोमवारबद्दल बोलत होत्या. आता मशीनं नवीन आली असतील, आपल्याला जमेल का, असं. मध्येच म्हणाल्या, “तुला पहिल्या दिवशी वर्गात भीती वाटली होती का गं?” मी म्हटलं, अजून वाटते.

तेवढ्यात भोंगा वाजला. पाठोपाठ घोषणा झाली, की हे फक्त जहाजाच्या स्टाफचं ड्रिल आहे, प्रवाशांनी आपापल्या जागी राहावं. आम्ही राहिलो.

थोड्या वेळानं डेकच्या टोकाचं दार उघडलं आणि ओवी बाहेर आली. जाकीट उलटं घातलेलं. एका हातानं शिवूचं मनगट धरलेलं. शिवूच्या अंगात फक्त डायपर आणि एक मोजा. ती इकडं तिकडं न बघता चालत आली आणि हिरव्या पाटीखाली भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मी उठले. वहिनींनी माझा हात धरला.

“थांब.”

“वहिनी, पोरं एकटी आहेत.”

“दिसतायत मला.” त्यांनी हात सोडला नाही. “आत्ता उचललं तर संपलं सगळं.”

पण त्या बसून राहिल्या नाहीत. लाइफजॅकेटांची मोठी पेटी होती, तिच्या आडून त्या कठड्याच्या बाजूला गेल्या. पोरांच्या आणि समुद्राच्या मध्ये. तिथून दोन पावलांत शिवूपर्यंत पोचता आलं असतं. ओवीला त्या दिसत नव्हत्या. स्टाफचा एक माणूस पोरांपाशी थांबला, वाकून त्यानं विचारलं, “बेटा, मम्मी किधर?”

ओवीनं त्याला गप्प राहायची खूण केली. “ड्रिल चालूय. बोलायचं न्हाई.”

वहिनींनी पेटीमागून हात वर करून त्याला आपल्याकडं बघायला लावलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तो समजला, पण गेला नाही. तोही तिथंच रेंगाळला. शिवू कंटाळून खाली बसला, मग रडायला लागला. “आई” असं त्याला नुकतंच स्पष्ट म्हणता यायला लागलं होतं. ते त्यानं बऱ्याच वेळा म्हटलं. वहिनींनी ओढणीचं टोक तोंडात धरलं. त्यांच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून मी पोरांकडं बघत होते.

मग लांबून शिट्टी ऐकू आली. शिट्टी कधी वरच्या मजल्यावर वाजायची, कधी खालच्या. शेवटी ते दार परत उघडलं आणि आप्पा आले. अंगात लाइफजॅकेट, एका पायात चप्पल, गालावर उशीची घडी उमटलेली. पोरांना बघून ते जागच्या जागी थांबले. तोंड उघडलं, पण त्यातून आधी सवयीचं तेच आलं.

“ओवी.”

“हजर.”

“शिवू.”

“हजर,” ओवी म्हणाली आणि शिवूचा हात वर केला.

आप्पा खाली बसले, थेट लोखंडी जमिनीवर, आणि दोघांना धरून राहिले. मग मान वर केली तेव्हा त्यांना पेटीमागं वहिनी दिसल्या.

चौकशी आप्पांच्या खोलीत बसली. वरून काकूंना बोलावून आणलं. पोरं जमिनीवर बिस्किटं खात होती.

“तुला खोलीतनं जायाला कुणी सांगितलं?” आप्पांनी ओवीला विचारलं.

“तुम्हीच. भोंगा वाजला की जायचं.”

“मला का उठवलं न्हाई?”

“कुणाला उठवत बसायचं न्हाई.”

आप्पांनी ओवीच्या अंगावरचा बिस्किटाचा चुरा झटकला. मग माझ्याकडं वळले. “तू काय बघितलं? खरं सांग. शिकल्याली हायेस.”

वहिनी पहिल्यापासून तिथं होत्या म्हणावं, तर आप्पा म्हणणार, रडतं पोर न उचलणारी ही कसली आई. शेवटी आल्या म्हणावं, तर तोवर पोरं एकटी होती आणि ट्रायल फेल. दोन्हीकडून वहिनींची नोकरी जात होती. मला खोटं जुळवायला वेळ लागतो, म्हणून झालं तेच सांगितलं. “वहिनी कठड्याकडं उभ्या होत्या. पोरांच्या आणि पाण्याच्या मध्ये. पोरं आल्यापासून तुम्ही येईपर्यंत.”

“मग उचललं का न्हाईस?” आप्पांनी वहिनींना विचारलं.

“हात लावायचा नाही म्हणाला होतात.”

“आन् शिवू कठड्याकडं गेला आसता तर?”

“तर उचललं असतं,” वहिनी म्हणाल्या. “नोकरी गेली असती. जाऊ दिली असती.”

सगळ्यांनी पोरांच्या बिस्किटांकडं बघितलं. खिडकी नसल्यामुळं बाहेर बघायचीही सोय नव्हती. आप्पांनी चष्मा काढून पुसला. आता कुणाचा निष्काळजीपणा निघणार, याची आम्ही वाट बघत होतो. ओवीचा निघेल असं मला वाटत होतं, किंवा माझा.

“सुपरवायझरचा निष्काळजीपणा,” आप्पा म्हणाले.

“काय म्हणाला?” काकूंनी विचारलं. “मला न्हाई ऐकू आलं.”

काकूंचे कान चांगले होते. आप्पांनी परत सांगितलं.

“मग सुपरवायझर चुकला तर काय करत्यात तुमच्या कंपनीत?”

“तसं कवा झालं न्हाई.”

“आता झालंय न्हवं. काय करत्यात?”

“ट्रेनिंगला बसवत्यात,” आप्पा म्हणाले.

“मग बसा. सोमवारपास्नं फर्स्टला. माझ्या हाताखाली.” काकू उठल्या, शिवूला उचलून वहिनींच्या मांडीवर ठेवलं आणि हाउजीचा डाव अर्धा राहिलाय म्हणून निघून गेल्या.

शिरूरला परतल्यावर आप्पांनी आळीत सगळ्यांना सांगितलं, की जहाजाची माणसं पोचायच्या आत आमची पोरं पाटीखाली हजर होती. ते खरंच होतं. स्वतः कुठं होतो, एवढंच सांगायचं राहिलं.

सोमवारी सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा कोपऱ्यावर कंपनीची बस थांबली होती. वहिनी डबा घेऊन घाईनं चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि ओट्याकडं एकदाच बघून मान वळवली. ओट्यावर आप्पा मऊ भाताची वाटी घेऊन शिवूसमोर बसले होते. शिवूनं तोंड घट्ट मिटलं होतं, मग ते उघडलं ते रडायला. भात आप्पांच्या सदऱ्यावर होता. आप्पांनी आधी शिवूकडं बघितलं, मग दाराकडं.

“ह्याला आता बंद कसं करायचं?”

“मशीन हाय का ते,” काकू आतून म्हणाल्या. “त्याची आई गेलीया कामाला. रडू द्या. तुम्ही नुसतं बसा त्याच्यापाशी.”

“नुसतं?”

“व्हय. नुसतं.”

आप्पांनी वाटी खाली ठेवली आणि मांडी घालून बसले. नुसतं बसणं त्यांना अवघड जात होतं, ते मला रस्त्यावरूनही दिसत होतं. पण तोवर बस रांजणगावच्या रस्त्याला लागली होती.